बारा वर्षांखालचं फुटबॉल: कप आधी की खेळाडू आधी?

मधली_फळी

स्पर्धात्मक क्लबांच्या निवडचाचण्या जवळ आल्या की पालक पहिल्यांदा विचारतात, कुठला क्लब जिंकतो? प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. ९ ते १२ या वयात संघ कशाच्या जोरावर जिंकतोय हे पाहिल्याशिवाय त्या विजयातून मुलाच्या पदरात काय पडतंय ते कळत नाही.

या वयात जिंकायचा सोपा रस्ता सगळ्या कोचना ठाऊक असतो. वयोगटात जन्मतारखेने थोरला, लवकर उंच झालेला, वेगवान मुलगा पुढे उभा करायचा. मागे सगळ्यात लांब किक मारणारा ठेवायचा. चेंडू मिळाला की थेट पुढे, पुढच्याने धावत गाठायचा आणि मारायचा. समोरचे बचावपटू लहानखुरे, त्यांच्या मागे मोकळं रान, आणि गोलरक्षकाची उंची १४० सेंटिमीटरच्या आसपास. मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. तसला गोल लहान मुलांच्या सामन्यात लावला तर डोक्यावरून गेलेला बहुतेक प्रत्येक फटका आत जातो, गोलरक्षक चांगला असो की वाईट.

ही युक्ती दहाव्या वर्षी चालते आणि चौदाव्या वर्षी बंद पडते. तोवर बाकीची मुलंही वाढलेली असतात, बचावफळी ऑफसाइडची रेषा धरायला शिकते, गोलरक्षक पुढे येऊन मागची जागा झाकतो. मग त्या वेगवान मुलाला पाठीशी बचावपटू असताना चेंडू थांबवता येत नाही. लांब किकवाल्याला दबावाखाली दहा मीटरचा पास जमत नाही. सगळ्यात मोठं नुकसान मधल्या फळीचं, कारण चार वर्षं चेंडू त्यांच्या डोक्यावरूनच गेलेला असतो.

म्हणून क्लब निवडताना गुणतक्ता बाजूला ठेवा आणि त्या क्लबाचे दोन सामने वही घेऊन बघा. एक जिंकत असतानाचा, एक हरत असतानाचा. दुसरा जास्त सांगून जातो. हरत असताना गोलरक्षकाला ‘लांब मार’ असं सांगितलं जातं का? बाकावरची मुलं शेवटच्या दहा मिनिटांत आत येतात की तीच सात मुलं शिट्टीपर्यंत खेळतात? चुकीचा पास दिलेल्या मुलाला लगेच बाहेर काढलं जातं का? ही तिसरी गोष्ट दिसली की समजा, महिन्याभरात तो मुलगा अवघड पास देणं सोडून देणार. धोका घेतला की बाहेर बसावं लागतं, एवढंच तो शिकतो.

अनुभवी मंडळींनी तपासता येतील अशा खुणा लिहाव्यात ही विनंती.

---

डावखुरी

सगळ्यात आधी मिनिटं मोजा. तिथे शब्दांचे खेळ चालत नाहीत.

हिशेब सोपा आहे. सात-सातचा ५० मिनिटांचा सामना म्हणजे एका संघाकडे ७ × ५० = ३५० खेळाडू-मिनिटं. संघात १२ मुलं असतील तर प्रत्येकी साधारण २९ मिनिटं येतात. म्हणजे अर्ध्याहून अधिक सामना सगळ्यांना देता येतो, कुणावर उपकार करावे लागत नाहीत. अकरा-अकराच्या ७० मिनिटांच्या सामन्यात ७७० मिनिटं असतात. १८ मुलं असतील तर प्रत्येकी जवळजवळ ४३ मिनिटं, २२ असतील तर ३५. आता क्लबाने २२ मुलांची फी घेतली आणि पहिल्या सात जणांना पूर्ण ७० मिनिटं खेळवलं, तर उरलेल्या १५ जणांत २८० मिनिटं राहतात. प्रत्येकी १९ सुद्धा नाहीत. ‘सरावात मेहनत घेतली तर संधी मिळेल’ या वाक्याने हे गणित बदलत नाही. निवडीच्या वेळी विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे संघात किती मुलं घेणार.

कोचसाठी एक सोपा तक्ता. ५० मिनिटांचे चार भाग करा, साडेबारा मिनिटांचा एक. सात जागा गुणिले चार भाग म्हणजे २८ घरं. १२ मुलं असतील तर चार मुलं तीन भाग खेळतील आणि आठ मुलं दोन भाग (१२ + १६ = २८). पुढच्या सामन्यात दुसरी चार मुलं तीन भागांची. तीन सामन्यांत सगळ्यांची पाळी पूर्ण होते. तक्ता आदल्या रात्री भरा, मैदानावर नाही. सामना २-२ असताना उभ्याउभ्या निर्णय घ्यायला गेलं की हात आपोआप त्याच मुलांकडे वळतो.

आणखी एक. कमजोर मुलांना एकाच भागात कोंबू नका. त्या साडेबारा मिनिटांत तीन गोल खाल्ले की सगळा दोष त्यांच्या माथी बसतो. प्रत्येक भागात पाठीचा कणा मजबूत हवा: गोलरक्षक, मधला बचावपटू, मधल्या फळीतला एक. बाकीच्या जागा फिरवा.

---

पंचशिट्टी

नियमांच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण लहान मुलांचे नियम याच प्रश्नासाठी बदललेत आणि बऱ्याच पालकांना ते माहीत नसतात.

अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेच्या मानकांत ८ वर्षांखाली चार-चार, १० वर्षांखाली सात-सात, १२ वर्षांखाली नऊ-नऊ आणि १३ पासून अकरा-अकरा. सात-सातचं मैदान ५५ ते ६५ यार्ड लांब आणि ३५ ते ४५ यार्ड रुंद. चेंडू ८ वर्षांपर्यंत ३ नंबरचा, १२ पर्यंत ४ नंबरचा, पुढे ५. सात-सातमध्ये मैदानावर एक जादा रेषा असते. गोलकिक घेताना किंवा गोलरक्षकाच्या हातात चेंडू असताना प्रतिस्पर्ध्यांनी त्या रेषेमागे जायचं. गोलरक्षकाने हातातून सोडून लांब किक मारायची नाही, चेंडू फेकायचा, सरपटत द्यायचा किंवा खाली ठेवून पास करायचा. इंग्लंडमध्येही माघारी जायच्या रेषेचा असाच नियम लहान गटांत आहे. हेतू एकच: बचावपटूला पहिला स्पर्श शांतपणे करता यावा.

त्यात मोठ्यांच्या नियमात २०१९ साली झालेला बदल धरा. गोलकिक आता पेनल्टी क्षेत्राबाहेर जायची वाट पाहावी लागत नाही. चेंडू मारला आणि स्पष्टपणे हलला की खेळ सुरू, सहकारी क्षेत्राच्या आतच चेंडू घेऊ शकतो. म्हणजे मागून खेळ बांधायला, गोलरक्षकापासून छोट्या पासने चेंडू पुढे न्यायला, नियम पूर्ण साथ देतात.

तरी काही संघ काय करतात? गोलरक्षक चेंडू पाच मीटरवर देतो आणि तो बचावपटू पहिल्याच स्पर्शात पुढे भिरकावतो. नियम पाळला गेला, त्याचा हेतू मात्र हरवला. पंच यात काही करू शकत नाही, हा प्रश्न कोचचा आहे.

हेडिंगचंही, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचंही, तसंच. अमेरिकेत २०१५ मध्ये १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी हेडिंग बंद करण्याचं जाहीर झालं आणि पुढच्या गटात सरावातलं हेडिंग मर्यादित केलं. इंग्लंडमध्ये २०२४-२५ पासून ११ वर्षांखालच्या सामन्यांतून जाणूनबुजून केलेलं हेडिंग टप्प्याटप्प्याने काढलं जातंय. डोक्याला होणाऱ्या इजेचं कारण मुख्य आहेच, पण हवेतून खेळणाऱ्या संघाचा त्यातून आपोआप तोटा होतो, हेही चांगलंच.

---

निकाल_हवा

सगळं वाचलं. पण एक बाजू राहून जातेय.

मुलांना जिंकायचंच असतं. नऊ वर्षांची मुलं मधल्या सुट्टीतसुद्धा गोल मोजतात. ‘निकाल महत्त्वाचा नाही’ असं त्यांना सांगणं म्हणजे त्यांच्या मनातलं खोटं ठरवणं. शिवाय निकालांवर श्रेणी ठरते. वरच्या श्रेणीत समोर चांगले संघ येतात, आणि चांगल्या संघांशी खेळूनच खेळाडू घडतो. खालच्या श्रेणीत ९-० ने जिंकून कुणाचा विकास होतो? उलट संघ घसरला की चांगली मुलं दुसऱ्या क्लबात जातात, मागे राहिलेल्यांचा सरावही पातळ होतो.

आणि ‘विकास’ या शब्दाआड खराब कोचिंगही खपतं. संघ प्रत्येक सामन्यात सहा गोल खातो, कोच म्हणतो आम्ही मुलं घडवतोय. घडतंय काय ते कुणी दाखवत नाही.

---

मधली_फळी

@निकाल_हवा, तुमचा शेवटचा परिच्छेद अगदी बरोबर आहे. मोजमाप नसलेला विकास ही नुसती सबब असते. त्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच.

जिंकण्याची इच्छा मात्र वेगळी आणि गुणतक्ता वेगळा. जर्मनीने नेमकं हेच वेगळं केलं. २०२४-२५ पासून तिथे ११ वर्षांखालच्या गटांत नवे प्रकार देशभर बंधनकारक आहेत. सगळ्यात लहान मुलं दोन-दोन किंवा तीन-तीन खेळतात, मैदानाला चार छोटे गोल असतात, गोलरक्षक नसतो. बाजूबाजूला अनेक मैदानं आखतात, काही मिनिटांचे सामने होतात. जिंकलेला संघ वरच्या मैदानावर सरकतो, हरलेला खालच्या. गोल झाला की ठरलेल्या क्रमाने बदली खेळाडू आत येतो. हंगामाचा तक्ता नाही, अव्वल कोण याची यादी नाही. पण प्रत्येक सामन्यात चुरस आहे, आणि दोन-तीन सामन्यांनंतर प्रत्येक संघासमोर साधारण आपल्याच ताकदीचा संघ येतो. तुमचा ९-० चा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. नॉर्वेतही मूल ११ वर्षांचं होतं त्या वर्षापर्यंत गुणतक्ते आणि निकालांच्या याद्या ठेवत नाहीत. म्हणून तिथली मुलं गोल मोजत नाहीत असं नाही.

तक्ता मुलांवर दबाव आणतो त्यापेक्षा जास्त कोचवर आणतो. अडचणीचं मूळ तिथे आहे.

---

गुडघा_घोटा

शरीराच्या बाजूने लिहिते. ‘गुणवान’ आणि ‘आधी वाढलेला’ या दोन गोष्टींची निवडीत सतत गल्लत होते.

पहिली गोष्ट जन्मतारीख. वयोगटाची रेषा १ जानेवारीला असेल तर जानेवारीतला मुलगा डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. दहाव्या वर्षी ते आयुष्याचा दहावा हिस्सा झालं. म्हणून निवडलेल्या संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली मुलं जास्त दिसतात. रेषा ऑगस्टला नेली तर फायदा ऑगस्टच्या मुलांना मिळतो, असमानता संपत नाही. दुसरी गोष्ट शरीराची पक्वता, आणि ती जन्मतारखेपेक्षा वेगळी आहे. एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांमध्ये एकाची झपाट्याची वाढ संपत आलेली आणि दुसऱ्याची सुरूही न झालेली असू शकते. हा झपाटा मुलांत सरासरी साडेतेरा-चौदाच्या सुमारास येतो, मुलींत बाराच्या आसपास.

निवडचाचणीत एक बिनखर्ची उपाय आहे. बिब्सवरचे (सरावाच्या बिनबाह्यांच्या जॅकेटवरचे) नंबर जन्मतारखेच्या क्रमाने द्या, सगळ्यात थोरल्याला १, धाकट्याला शेवटचा. निवड करणाऱ्यांना तो क्रम सांगून ठेवा. नंबर आणि वय यांचा संबंध डोळ्यांसमोर असला की वयाने मोठ्या मुलांकडे झुकणारी निवड कमी होते, हे संशोधनात दिसलंय.

क्लबाला थोडं पुढे जायचं असेल तर दर तीन महिन्यांनी उभी उंची, बसलेली उंची आणि वजन नोंदवा. आईवडिलांची उंची एकदाच. यावरून प्रौढपणीच्या उंचीचा अंदाज निघतो आणि मूल त्याच्या किती टक्क्यांवर आहे ते कळतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अकादमींनी याच टक्क्यांनुसार गट पाडून सामने खेळवले आहेत. लवकर वाढलेल्या मुलाला तिथे ताकद पुरत नाही, त्याला डोकं चालवावं लागतं. उशिरा वाढणाऱ्याला पहिल्यांदाच चेंडू पायाशी ठेवून खेळ दाखवता येतो. बेल्जियमच्या संघटनेने उशिरा वाढणाऱ्यांसाठी ‘फ्युचर्स’ नावाचे वेगळे संघच चालवले. फ्रान्सचा आघाडीपटू ग्रीझमनला अंगकाठीमुळे अनेक फ्रेंच क्लबांनी नाकारलं, इंग्लंडचा आघाडीपटू हॅरी केनला आर्सेनल क्लबाने आठव्या-नवव्या वर्षी सोडलं. ही नावं वाचली म्हणून प्रत्येक वगळलेला मुलगा केन होणार नाही, हे खरं. पण बाराव्या वर्षीचा निकाल अंतिम नसतो, इतकं त्यातून नक्की कळतं.

आता जिंकण्याच्या घाईत काय मोडतं ते. वाढीच्या झपाट्यात हाडं आधी लांबतात, स्नायू-कंडरा मागून जुळवून घेतात. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला जिथे कंडरा हाडाला जोडलेली असते तिथे ओढ बसून दुखतं, गाठ येते: ऑसगुड-श्लॅटर. टाचेत तसंच होतं: सेव्हर. नेमका याच काळात मुलगा वेंधळा वाटतो, कालपर्यंत जमणारा टर्न आज जमत नाही. कोच म्हणतो फॉर्म गेला, आणि बाकावर बसवतो किंवा जास्त पळवतो. दोन्ही चूक. उड्या, स्प्रिंट आणि जोरकस फटके मोजून कमी करा, चेंडूवरचं हलकं काम चालू ठेवा, दुखणं लंगडण्यापर्यंत गेलं तर तपासून घ्या. दोन दिवसांत चार-पाच सामन्यांच्या स्पर्धा याच मुलांना सगळ्यात महागात पडतात, कारण उपांत्य फेरीला बदली द्यायला कुणी धजत नाही.

---

बाकावरचा_बारावा

सामना बघून बरंच कळतं हे पटलं. सराव बघताना काय पाहायचं? लांबून सगळे सराव सारखेच वाटतात, कोन लावलेले असतात, मुलं धावत असतात.

---

सहा_नंबर

@बाकावरचा_बारावा, एक मुलगा निवडा आणि स्टॉपवॉच लावा. २० मिनिटांत तो किती वेळ रांगेत उभा होता, किती वेळ कोच बोलत होता आणि किती वेळ चेंडू त्याच्या खेळात होता, एवढं मोजा.

१८ मुलं एका रांगेत गोलवर फटके मारतायत, दर दहा सेकंदाला एक. म्हणजे प्रत्येकाची पाळी तीन मिनिटांनी. २० मिनिटांत सहा-सात फटके, तेही समोर कुणी नसताना. त्याच १८ मुलांची तीन छोटी मैदानं केली, साधारण २५ × १८ मीटर, आणि तीन-तीन खेळवलं, तर त्याच वेळेत प्रत्येकजण अनेक पटीने जास्त वेळा चेंडूला हात, म्हणजे पाय, लावतो. आणि प्रत्येक वेळी समोर प्रतिस्पर्धी असतो, निर्णय असतो. चेंडूशिवाय मैदानाला फेऱ्या मारायला लावणारा कोच ९ वर्षांच्या गटात दिसला तर तेवढं कारण पुरे.

आता मागून खेळ बांधण्याबद्दल, कारण बहुतेक क्लब इथेच हार मानतात. तीन सामन्यांत चार गोल स्वतःच्या चुकीने खाल्ले की पालक ओरडतात, कोच घाबरतो आणि पुन्हा लांब किक सुरू होते. चुका ठरावीक असतात आणि त्या सुधारता येतात.

गोलरक्षक आणि दोन बचावपटू एका आडव्या ओळीत उभे राहतात ही पहिली चूक. पास आडवा जातो, मध्येच कापला गेला की समोर रिकामा गोल. बचावपटूंनी पेनल्टी क्षेत्राच्या कडांपाशी आणि थोडं पुढे उभं राहायचं, म्हणजे पास तिरका जाईल. दुसरी चूक, चेंडू घेणारा स्वतःच्या गोलकडे तोंड करून घेतो. अंग अर्धं वळलेलं हवं, खांदा टचलाइनकडे, आणि पास त्याच्या लांबच्या पायावर यायला हवा. जवळच्या पायावर दिलेला पास त्याला पुन्हा मागेच वळवतो. तिसरी, मधल्या फळीतला मुलगा प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला उभा असतो. त्याला चेंडू दिसत नसेल तर चेंडूवाल्याला तोही दिसत नाही. दोन पावलं बाजूला सरकलं की रस्ता उघडतो. चौथी गोलरक्षकाची: तीन-चार स्पर्श घेतो, तोवर सगळे रस्ते बंद होतात. दोन स्पर्श, त्यातला दुसरा पास.

सरावात ते असं बांधा. अर्ध्या मैदानाच्या रुंदीत गोलरक्षक, दोन बचावपटू आणि मधला एक, समोर दोन जण. मध्यरेषेवर दोन मीटर रुंदीची दोन फाटकं. चेंडू ताब्यात ठेवून फाटकातून गेला की एक गुण, समोरच्यांनी हिसकावून गोल केला की त्यांना एक. आठ चेंडू झाले की अदलाबदल. दोन आठवड्यांनी समोर तिसरा आणा. वॉर्मअपला चौकोनात चार विरुद्ध एक, ८ × ८ मीटर. ते सहज जमू लागलं की चार विरुद्ध दोन, १० × १०.

एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगा: दोन्ही बाजू आणि मध्य बंद असेल तर लांब चेंडू हाच बरोबर निर्णय आहे. समोरच्यांनी पाच जण पुढे आणलेत म्हणजे मागे जागा आहे. डोकं वर करून दूरच्या विंगरला दिलेला लांब पास आणि घाबरून मारलेली किक, तक्त्यात दोन्ही ‘लांब’ दिसतात, पण पहिल्यात निर्णय आहे. जे कोच लांब चेंडूवर सरसकट बंदी घालतात ते मुलांकडून विचार तेवढाच हिरावून घेतात.

---

निकाल_हवा

हे पटण्यासारखं आहे. पण मोजमापाचा माझा प्रश्न अजून उभा आहे. गुणतक्ता नको तर काय दाखवणार?

---

सहा_नंबर

तीन खुणा धरा, सहा सामने त्याच ठेवा. सहायक कोच किंवा बाकावरचं मूल रेघा मारेल. उदाहरणार्थ:

गोलकिक किती आणि त्यातल्या किती वेळा चेंडू आपल्याच ताब्यात मध्यरेषेपलीकडे गेला. चेंडू गमावल्यावर पाच-सहा सेकंदांत किती वेळा परत मिळवला. समोरच्या अर्ध्यात एकास एक किती वेळा प्रयत्न झाला. यशस्वी किती हे लिहायचं नाही, फक्त प्रयत्न.

दहा गोलकिकपैकी सुरुवातीला दोन-तीन जमल्या तरी हरकत नाही. सहा सामन्यांनंतरही तिथेच असेल तर सराव बदला. सहा गोल खाऊन ‘आम्ही घडवतोय’ म्हणणाऱ्या कोचकडे असा कागद मागा. कागद असेल तर चर्चा होऊ शकते.

वैयक्तिक पातळीवर दर आठ-दहा आठवड्यांनी प्रत्येक मुलासाठी दोन वाक्यं लिहा: काय चांगलं होतंय आणि पुढचं एकच काम काय. ‘आत्मविश्वास वाढवा’ असलं नको. ‘चेंडू येण्याआधी एकदा खांद्यावरून मागे बघणे’ असं दिसणारं, मोजता येणारं हवं.

---

डावखुरी

जागा बदलण्यावरही भर हवा. १० वर्षांपर्यंत तिन्ही फळ्यांत फिरवा आणि गोलातही सगळ्यांना उभं करा. ११-१२ ला दोन जागा, वेगवेगळ्या फळीतल्या. १३-१४ ला एक मुख्य आणि एक दुय्यम. त्यानंतर पक्की जागा. दर पाच मिनिटांनी जागा बदलणं म्हणजे फिरवणं नव्हे, त्यात मुलाला काहीच उमगत नाही. एक जागा निदान दोन-तीन सामने सलग द्या.

नवव्या वर्षी कायमचा गोलरक्षक केलेल्या मुलाचं विशेष नुकसान होतं. आजच्या गोलरक्षकाला पायाने खेळावं लागतं, आणि पायाने खेळायची त्याची वर्षंच गेलेली असतात. हौसेने गोलात जाणारं मूल असेल तरी अर्धा सामना मैदानात.

---

निकाल_हवा

वयाबद्दल बोलताय तर मोठ्यांबद्दलही बोला. १५-१६ ला १-० ची आघाडी शेवटची दहा मिनिटं टिकवणं हेही कौशल्यच आहे. कॉर्नरचा बचाव, फ्री-किकची भिंत, वेळेचं भान. ते शिकवलंच नाही तर वरच्या पातळीवर मूल कोरं जातं.

---

मधली_फळी

पूर्ण सहमत. १५ नंतर निकाल हा सरावाचाच भाग होतो. सरावात तसे प्रसंग द्या: आठ मिनिटं, एक संघ १-० ने पुढे, दुसऱ्याकडे एक खेळाडू जास्त. सेट-पीसला (कॉर्नर, फ्री-किक वगैरे) आठवड्यातून १०-१५ मिनिटं पुरतात. हेच १० वर्षांखाली करायला गेलं तर ती पंधरा मिनिटं पहिल्या स्पर्शाच्या खात्यातून जातात, आणि पहिला स्पर्श नंतर भरून काढणं फार जड जातं. कॉर्नरचा बचाव १५ व्या वर्षी एका हंगामात शिकवता येतो.

तुम्ही वर श्रेणी घसरल्यावर मुलं निघून जातात म्हणालात, ते खरं आहे आणि एकटा कोच ते थांबवू शकत नाही. क्लबाने लेखी ठरवावं लागतं: १३ वर्षांखाली लीगच्या सामन्यांत प्रत्येकाला किमान अर्धा वेळ, स्पर्धेसाठी बाहेरून पाहुणे खेळाडू आणायचे नाहीत, कोचचं मूल्यमापन वरच्या तीन खुणांवर आणि पुढच्या हंगामात किती मुलं टिकली यावर. निकालावर कोचची नोकरी टांगलेली असेल तर कुठलंही धोरण तिसऱ्या पराभवानंतर टिकत नाही.

पालकांनी निवडीआधी हेच विचारावं. संघात किती मुलं? किमान वेळ लेखी आहे का? आठवड्यात सराव किती आणि सामने किती? दोन-तीन सरावांमागे एक सामना हे या वयाला ठीक. गेल्या वर्षीच्या संघातली किती मुलं अजून आहेत, आणि गेलेली का गेली? तोच कोच किती वर्षं गट सांभाळणार? यावर कपांची यादी पुढे केली जात असेल तर प्रश्न पुन्हा विचारा.

---

बाकावरचा_बारावा

@डावखुरी, तुमचा चार भागांचा तक्ता वापरायचा आहे. बारापैकी आयत्या वेळी दहा किंवा नऊच मुलं आली तर?

---

डावखुरी

घरं २८ च राहतात. दहा आली तर आठ मुलं तीन भाग आणि दोन मुलं दोन भाग (२४ + ४). नऊ आली तर एक मूल चारही भाग, बाकी आठ तीन-तीन (४ + २४). चारही भाग खेळणारं मूल दर वेळी वेगळं ठेवा, आणि वाढीच्या झपाट्यात असलेलं किंवा टाच-गुडघा दुखणारं ते नको. सातच आली तर बदलीच नाही. तेव्हा सामन्याआधी समोरच्या कोचला विचारून सहा-सहा खेळता येतं का बघा. लहान गटांत बहुतेक जण हो म्हणतात, आणि प्रत्येक मूल पाळीपाळीने एकदा विश्रांती घेऊ शकतं. बदल्या गोलकिकच्या वेळी टाळा, चेंडू थ्रोसाठी बाहेर गेला की करा. नाहीतर बांधणीला उभी असलेली मुलंच जागेवरून हलतात.